नेटवर्कची खोली : जागा, वीज आणि आग यांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत शाळा, पतसंस्था, छोटी रुग्णालये आणि गृहनिर्माण संस्थांकडून आलेल्या पत्रांत एकच विषय वेगवेगळ्या रूपांत विचारला गेला आहे : इंटरनेट आणि कॅमेऱ्यांची उपकरणे ठेवण्याची खोली सुरक्षित कशी करावी? त्यांपैकी चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या माध्यमिक शाळेची तीन मजली इमारत रत्नागिरी जिल्ह्यातील नदीकाठच्या एका गावात आहे. कार्यालय, संगणक कक्ष आणि वर्ग मिळून सुमारे 40 नेटवर्क जोडण्या आणि 24 कॅमेरे बसवायचे ठरले आहे. कंत्राटदाराने सर्व उपकरणे तळमजल्यावर जिन्याखाली असलेल्या बंद कपाटात बसवण्याचे सुचवले आहे. तेथे सध्या जुन्या उत्तरपत्रिका आणि स्नेहसंमेलनाचे पडदे ठेवलेले असतात. ही जागा चालेल का? नसल्यास दुसरी खोली कशी तयार करावी? — एक मुख्याध्यापिका

उत्तर : ही जागा चालणार नाही, आणि उत्तरपत्रिका हलवल्या तरीही चालणार नाही. जिना हा आगीच्या वेळी मुलांना बाहेर काढण्याचा मार्ग असतो. राष्ट्रीय इमारत संहितेतही जिन्याच्या जागेत विजेचे पॅनेल ठेवू नये असा दंडक आहे. यूपीएस, बॅटऱ्या आणि चोवीस तास चालू असलेली उपकरणे जिन्याखालीच पेटली, तर धूर सर्वांत आधी जिन्यातून वर चढेल आणि वरच्या दोन मजल्यांवरील मुलांची वाटच बंद होईल. दुसरे कारण तुमच्या नदीचे आहे. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले तेव्हा तळमजल्यावरच्या वस्तूंचे काय झाले, हे तुमच्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. नदीकाठच्या गावात तळमजल्यावर रॅक, म्हणजे उपकरणे बसवण्याचा लोखंडी सांगाडा, बसवणे म्हणजे पुढच्या पुराच्या खर्चाची आजच तरतूद करणे होय.

पहिल्या मजल्यावर, इमारतीच्या साधारण मध्यभागी, एक लहान खोली किंवा मोठ्या खोलीचा भिंत घालून वेगळा केलेला कोपरा मिळतो का ते पाहावे. सर्वांत वरचा मजला टाळावा, कारण गच्चीचा स्लॅब उन्हाळ्यात तापतो आणि पावसाळ्यात गळतो. स्वच्छतागृहाला लागून असलेली, किंवा जिच्या छतातून पाण्याचा पाइप गेला आहे अशी खोली घेऊ नये. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेशेजारचे भांडारही नको, कारण आम्लांच्या वाफांनी तांब्याचे सांधे आणि सर्किट बोर्ड हळूहळू गंजतात. मध्यभागाचा आग्रह केबलच्या लांबीसाठी आहे. पॅच पॅनेलपासून, म्हणजे रॅकमध्ये सर्व केबल जेथे येऊन संपतात त्या पट्टीपासून, वर्गातल्या भिंतीवरील सॉकेटपर्यंत पक्की केबल 90 मीटरपेक्षा लांब असू नये आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड (उपकरणाला जोडायच्या छोट्या सुट्या केबल) धरून एकूण अंतर 100 मीटरच्या आत राहावे, अशी मर्यादा आहे. हे अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजू नये. केबल भिंतीवरून वर चढते, पट्टीतून वळसे घेत जाते आणि पुन्हा खाली उतरते; ती सगळी वाट टेपने मोजावी.

खोलीचे माप रॅकच्या मापावरून नव्हे, तर रॅकसमोर उभ्या राहणाऱ्या माणसावरून ठरवावे. आपल्याकडच्या विद्युत सुरक्षा नियमांनुसार स्विचबोर्डसमोर किमान 1 मीटर मोकळी जागा लागते. आणि बोर्डाच्या मागे उघड्या जोडण्या असतील, तर मागची जागा एक तर 20 सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा 75 सेंटिमीटरपेक्षा जास्त असावी लागते. म्हणजे मागे माणूस शिरूच शकणार नाही, किंवा शिरला तर नीट उभा राहून काम करू शकेल. अडकून पडण्याइतकी अर्धवट जागा ठेवायची नाही. नियम स्विचबोर्डासाठी असला, तरी रॅकलाही तोच लावावा असे माझे मत आहे. तुमच्या उपकरणांना भिंतीवरचा 12 यूचा ('यू' हे रॅकमधील उंचीचे माप) रॅक पुरेसा वाटेल, परंतु यूपीएस आणि पुढील वाढ लक्षात घेता जमिनीवर उभा राहणारा मोठा रॅक घ्यावा आणि तो पायांशी बोल्टने पक्का करावा. भिंतीवरचाच घ्यायचा ठरला, तर भिंत कशाची आहे ते आधी पाहावे. जांभ्याच्या किंवा विटांच्या पक्क्या भिंतीत अँकर बोल्ट धरतो, हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा बोल्ट भार पडल्यावर निसटतो.

उष्णतेबद्दल बहुतेक ठिकाणी दोन टोकांच्या चुका होतात : एक तर खोलीला झरोकाही ठेवत नाहीत, नाही तर छोट्या खोलीला दीड टनाचे एसी बसवतात. हिशेब मात्र सोपा आहे. तुमच्याकडे 24 पोर्टांचा एक पीओई स्विच (नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणारे आणि त्यांतूनच कॅमेऱ्यांना वीज देणारे उपकरण), 24 पोर्टांचे दोन साधे स्विच, कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर, राउटर, फायबरचा मोडेम आणि यूपीएस असेल. कॅमेऱ्याला सरासरी 7 वॉट धरले, तर 24 कॅमेऱ्यांचे 168 वॉट होतात; पण ती वीज केबलमधून बाहेर जाते आणि कॅमेऱ्यातच खर्च होते, त्यामुळे तिची उष्णता खोलीत पडत नाही. खोलीत उरते ती स्विचची स्वतःची उष्णता, वीज रूपांतरातली घट, एनव्हीआरच्या हार्ड डिस्कची ऊब आणि यूपीएसमधील तोटा. हे सर्व मिळून अडीचशे वॉटच्या आसपास जाईल. एक टनाचे एसी सुमारे साडेतीन हजार वॉट उष्णता बाहेर काढू शकते, म्हणजे ते तुमच्या गरजेच्या चौदा पट झाले. असे गरजेपेक्षा मोठे एसी क्षणात थंड करून बंद पडते, पुन्हा सुरू होते, आणि हवेतील दमटपणा काढण्याचे काम मात्र अर्धवटच राहते. अडीचशे वॉट उष्णता खोलीचे तापमान बाहेरच्यापेक्षा 5 अंशांहून जास्त न वाढवता बाहेर काढायची, तर ताशी सुमारे 150 घनमीटर हवा खेळती राहावी लागते, आणि एवढे काम एक चांगला लहान एक्झॉस्ट पंखा करू शकतो. पंखा वर बसवावा, हवा आत येण्याची जाळी समोरच्या बाजूला खाली ठेवावी, आणि ती जाळी बाहेरच्या भिंतीत न ठेवता आतल्या व्हरांड्याकडे ठेवावी, म्हणजे पावसाची झड आणि खारी हवा थेट आत येणार नाही. जाळीला धुता येईल असे फिल्टर लावावे.

हा सल्ला कोकणापुरता आहे. अशी बरीचशी उपकरणे 40 अंश सेल्सिअसपर्यंत चालतील असे कंपन्या सांगतात. तुमच्याकडे मे महिन्यात बाहेर 33–34 अंश असताना पंख्यावर खोली 38–39 पर्यंत राहील, म्हणजे काठावर का होईना, निभावेल. चंद्रपूर किंवा नागपूरच्या शाळेने मात्र पंख्यावर विसंबू नये. तेथे बाहेरचीच हवा 45 अंशांची असते, त्यामुळे लहान एसी लागेलच. एसी लावले, तर त्याचे आतले युनिट रॅकच्या डोक्यावर नसावे, कारण निचऱ्याची नळी तुंबली की पाणी खाली ठिबकते. वीज गेल्यावर उपकरणे यूपीएसवर चालत राहतात आणि एसी मात्र बंद असते, म्हणून वीज आल्यावर ते आपोआप सुरू होणारे असावे.

आता विजेकडे वळू. बहुतेकांचे अंदाजपत्रक येथेच अपुरे पडते. स्विच कोणत्या कंपनीचा घ्यावा यावर संस्थेच्या दोन बैठका होतात आणि त्याला वीज मात्र शेजारच्या वर्गातील पंख्याच्या बोर्डावरून एक्स्टेन्शन ओढून दिली जाते. मुख्य वितरण पेटीपासून या खोलीसाठी स्वतंत्र सर्किट आणावे, त्यावर 16 अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) असावा आणि तार किमान 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याची असावी. अंतर फार असेल तर 4 चौरस मिलिमीटरची घ्यावी. खोलीतील दिवा आणि पंखा दुसऱ्या सर्किटवर ठेवावेत, म्हणजे रॅकचा एमसीबी पडला तरी तो पाहायला आलेला माणूस अंधारात चाचपडणार नाही. रॅकमध्ये पट्टीसारखा पॉवर बोर्ड स्क्रूने बसवावा. एका एक्स्टेन्शनमध्ये दुसरे एक्स्टेन्शन खोचण्याची पद्धत या खोलीत अजिबात येऊ देऊ नये. संपूर्ण खोलीचा पुरवठा तोडणारा स्विच दाराबाहेर, मोठ्या माणसाच्या हाताच्या उंचीवर, नाव लिहिलेल्या बंद पेटीत असावा.

अर्थिंगबाबत कंत्राटदार तुम्हाला कदाचित सांगेल की संगणकांसाठी वेगळा, इमारतीच्या अर्थिंगशी संबंध नसलेला 'स्वच्छ' खड्डा हवा. हा सल्ला धोक्याचा आहे. वेगळा खड्डा जरूर करावा, पण तो इमारतीच्या मूळ अर्थिंगला जाड तांब्याच्या पट्टीने जोडलेला असलाच पाहिजे. दोन्ही अलग राहिले, तर जवळपास वीज कोसळताच दोन खड्ड्यांच्या विद्युतदाबात क्षणभर हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि तो फरक मिटवण्यासाठी प्रवाह तुमच्या स्विचमधून वाट काढतो. रॅकचा सांगाडा, त्याची दारे आणि धातूची केबल ट्रे हे सर्व हिरव्या-पिवळ्या तारेने अर्थिंगच्या पट्टीला जोडावे. ही तार 6 चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नको. कोकणातील जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की विजेला फार विरोध करते, आणि आपल्याकडच्या वळवाच्या विजा नेमक्या मे अखेरीस, जमीन सर्वांत कोरडी असताना पडतात. म्हणून अर्थिंगची मोजणी पावसाळ्यात करून समाधान मानू नये. ती एप्रिल-मेमध्ये करून घ्यावी, आकडा वहीत लिहावा आणि दर वर्षी ताडून पाहावा. मुख्य पेटीत विजेच्या लोटापासून संरक्षण देणारे उपकरण, म्हणजे वायरमन ज्याला एसपीडी म्हणतात ते, बसवून घ्यावे.

फाटकाजवळच्या खांबावर कॅमेरा असेल, किंवा मैदानापलीकडच्या दुसऱ्या इमारतीत जोडणी न्यायची असेल, तर तेथे तांब्याची केबल नेऊ नये. दोन इमारतींमध्ये फायबरच टाकावी, कारण काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. मात्र कंत्राटदाराने पोलादी कवचाची फायबर आणली असेल, तर ते कवच वीज वाहून आणते, त्यामुळे इमारतीत शिरताना ते अर्थिंगला जोडावे लागते. शक्य असल्यास धातूविरहित फायबर मागावी. त्या कॅमेऱ्याला तेथल्या तेथे वीज द्यावी लागेल, तो थोडा खर्च सोसावा.

केबल खरेदीत एक फसवणूक सर्रास चालते. बाजारात 'कॅट 6' असा छाप असलेली, पण आत तांब्याचा केवळ मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते. तिचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, त्यामुळे कॅमेऱ्याची वीज वाहून नेताना ती अधिक तापते आणि लांबच्या कॅमेऱ्याला पुरेसा दाब पोहोचत नाही. शिवाय तिची तार वाकवताना लवकर तुटते. कॅट केबलच्या मानकात अशी तार बसतच नाही. पेटी उघडल्यावर एक तार घेऊन ब्लेडने खरवडावी. आत चांदीसारखी चमक दिसली तर पेटी परत करावी. संपूर्ण तांब्याची पेटी हाताला स्पष्ट जड लागते. पीओईच्या केबलांची 24 पेक्षा मोठी मोळी बांधू नये, कारण मधल्या केबलांची उष्णता बाहेर पडत नाही, आणि प्लास्टिकच्या टायने त्या करकचून आवळण्याऐवजी वेल्क्रोच्या पट्ट्या वापराव्यात. विजेच्या तारा आणि नेटवर्कच्या केबल एकाच पट्टीतून नेऊ नयेत. एकमेकींना ओलांडायचे झाल्यास काटकोनात ओलांडाव्यात. शाळेसाठी कमी धूर करणाऱ्या, हॅलोजनविरहित वेष्टनाच्या केबल मागाव्यात. साधे पीव्हीसी जळले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि तो मुलांच्या डोळ्यांना व श्वासाला झोंबतो. स्लॅबमधून केबल नेण्यासाठी पाडलेली भोके नंतर थर्माकोलने किंवा दाराच्या चौकटीला वापरतात त्या पिवळ्या फोमने बुजवली जातात आणि दोन्ही पदार्थ भरभर पेटतात. आगरोधक सीलंट महाग आहे, पण भोके थोडीच असतात.

राहिले दार आणि सोबतचे रहिवासी. दार बाहेर उघडणारे, कुलपाचे, पण आतून किल्लीशिवाय उघडता येणारे असावे. खोलीत पडदे, उत्तरपत्रिका, झाडू-बादली यांपैकी काहीही येऊ नये, आणि हा नियम शिपाईमामांना नीट समजावून सांगावा, कारण मोकळी आणि कुलूपबंद खोली दिसली की गणेशोत्सवाची मखरे तेथेच येऊन विसावतात. उंदीर केबलची वेष्टने कुरतडतात, आणि उबेला आलेली पाल यूपीएसमध्ये शिरून दोन टोकांना चिकटली की तिच्याबरोबर यूपीएसही जाते. केबल शिरण्याच्या जागा जाळीने बंद कराव्यात, रॅकमधील रिकाम्या जागांवर कोऱ्या पट्ट्या लावाव्यात.

प्रश्न : आमच्या दवाखान्यात इन्व्हर्टरच्या दोन मोठ्या ट्यूब्युलर बॅटऱ्या आहेत. नेटवर्कची खोली बंदिस्त असल्याने त्या तेथेच ठेवल्या, तर नेटवर्कलाही त्यांचाच आधार मिळेल. हे योग्य ठरेल का? — एक डॉक्टर, सातारा जिल्हा

उत्तर : नाही. पाणी घालाव्या लागणाऱ्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात आणि हवेत त्याचे प्रमाण 4 टक्क्यांवर गेले की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. बंद खोलीत हा हलका वायू छताशी साठतो, आणि रॅकमधील रिले किंवा पंख्याची मोटर ठिणगी पुरवायला तयारच असते. जोडीला आम्लाचे सूक्ष्म थेंब सर्व सांधे खातात. या बॅटऱ्या हवेशीर जागी, सज्जात किंवा मोठ्या झरोक्याच्या खोलीत ठेवाव्यात आणि तेथून इन्व्हर्टरची वीज तारेने आणावी. रॅकमध्ये ठेवायच्याच असतील, तर सीलबंद बॅटरीचा छोटा यूपीएस घ्यावा. तो सर्वांत खालच्या खणात ठेवावा, कारण तो जड असतो. सीलबंद बॅटरीचे आयुष्य 25 अंश तापमान धरून सांगितलेले असते आणि त्यावर सुमारे 8 ते 10 अंश वाढले की ते निम्म्यावर येते, म्हणून चार वर्षे टिकेल म्हणून घेतलेली बॅटरी तापलेल्या खोलीत दोन वर्षांत बदलावी लागते. बॅटरी बदलणाऱ्याने आधी अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे. 12 व्होल्टचा झटका बसत नाही, पण दोन टोकांवर अंगठी टेकली तर ती लाल होईपर्यंत तापते.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हर खोलीतील आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) अधूनमधून कारण नसताना पडतो आणि सोमवारी सकाळी सगळे बंद आढळते. वायरमन म्हणतो की तो काढून साधा एमसीबी लावू. परवानगी द्यावी का? — व्यवस्थापक, सोलापूर

उत्तर : देऊ नये. एमसीबी तारेचे रक्षण करतो, माणसाचे करत नाही. उपकरणाच्या पत्र्यात वीज उतरली तर हात लावणाऱ्याला वाचवतो तो आरसीसीबी. तो कारण नसताना पडत नसावा. संगणक, स्विच आणि यूपीएसच्या पुरवठ्यातील फिल्टर थोडा प्रवाह सतत अर्थिंगकडे सोडतात. प्लगवर चालणाऱ्या एका उपकरणाला 3.5 मिलिअँपिअरपर्यंत त्याची मुभा आहे. प्रत्यक्षात तो बराच कमी असतो, पण दहा-बारा उपकरणे एकाच 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर आली की बेरीज वाढते. त्यातच 30 चा आरसीसीबी 15 च्या वर कोठेही पडू शकतो, कारण मानकानुसार त्याने 15 पर्यंत पडायचे नाही आणि 30 ला पडायलाच हवे. मग वीज जाऊन आल्यावर सर्व उपकरणे एकदम सुरू होताना बसणारा धक्का पुरेसा ठरतो. उपाय असा : उपकरणे दोन-तीन सर्किटांत वाटावीत, प्रत्येकावर एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र असलेला स्वतंत्र आरसीबीओ लावावा, आणि तो 'एसी' प्रकारचा नव्हे, तर 'ए' प्रकारचा घ्यावा. गळतीचा प्रवाह चिमट्याच्या मीटरने मोजता येतो. प्रत्येक सर्किटवर तो 9–10 मिलिअँपिअरच्या आत राहील अशी वाटणी करावी. मोजणीत एकाच उपकरणाची गळती जास्त निघाली, तर आरसीसीबीचा दोष नाही, ते उपकरण काढावे.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेत सर्व इंटरनेट कंपन्यांच्या पेट्या आणि कॅमेऱ्यांचा रॅक मीटरखोलीत आहेत. तेथे एबीसी पावडरचा अग्निशामक ठेवला आहे. आणखी काही करावे का? — सचिव, पुणे

उत्तर : आधी रॅक तेथून हलवावा. मीटरखोलीत मुख्य केबल येतात, तेथील बिघाड मोठ्या प्रवाहाचा असतो, आणि रोज वेगवेगळ्या कंपन्यांची मुले तेथे शिडी लावून पेट्या उघडत असतात. त्या मुलांना मीटरखोलीची किल्ली मिळणे हाच धोका आहे.

नव्या खोलीबाहेर कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक ठेवावा. पावडर आग विझवते, पण तिची बारीक भुकटी प्रत्येक फटीत शिरते आणि दमट हवेत सर्किट गंजवते. जे आगीतून वाचले ते पावडरीने जाते. कार्बन डायऑक्साइड मागे काही ठेवत नाही, परंतु लहान खोलीत तो माणसाला मारू शकतो. 2 मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि 2.7 मीटर उंच खोलीत 2 किलोचा सिलिंडर पूर्ण सोडला, तर सुमारे 1.1 घनमीटर वायू होतो, म्हणजे खोलीतील हवेच्या 13–14 टक्के. 10 टक्क्यांवरच माणूस काही मिनिटांत शुद्ध हरपू शकतो. म्हणून रखवालदाराला हे शिकवावे की दारात उभे राहून वायू सोडायचा, आत पाऊल टाकायचे नाही, आणि नंतर दार बराच वेळ उघडे ठेवायचे. त्याआधी बाहेरचा स्विच पाडायचा. येथे एक गोष्ट हमखास विसरली जाते : मुख्य स्विच पाडला तरी यूपीएस बॅटरीवरून रॅकला 230 व्होल्ट देतच राहतो. यूपीएसचे आउटपुट तोडणारा दुसरा स्विच त्याच बाहेरच्या पेटीत आणून ठेवावा आणि दोन्हींवर मराठीत, मोठ्या अक्षरांत, कोणता कशाचा ते लिहावे.